१६-१७ वर्षांची भारी पोरं घेतली, पण २१ला येऊन अडकली, असं का होतं?

प्रश्न विचारलाय फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या एका मुलानं. गेम फुटबॉल मॅनेजर २०२४, म्हणजे कॉम्प्युटरवर आपण क्लब चालवायचा; एफसी गोवाचा सेव्ह, सहावा सीझन चालू. पहिल्या तीन सीझनमध्ये त्यानं नऊ पोरं जमवली, सगळी १६-१७ वर्षांची आणि चार-साडेचार स्टार पोटेन्शियलवाली: चार स्ट्रायकर आणि अटॅकिंग मिडफिल्डर, दोन विंगर, दोन सेंटर बॅक, एक गोलकीपर. बोर्डाच्या मागे लागून ट्रेनिंग फॅसिलिटीज पण वाढवून घेतल्या. आता ती पोरं २०-२१ची झालीत, एकही फर्स्ट टीममध्ये टिकत नाही आणि स्टार घसरून अडीच-तीनवर आलेत. तो विचारतो, "दादा, गेमच पोरांना वाढू देत नाही का? सगळी विकून नवीन लॉट घेऊ का?"

विकू नकोस रे, निदान सगळी तरी नको. मी हा प्रकार चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२ (याच गेमचा जुना अवतार) पासून खेळतोय, तेव्हा पणजीला मावसभावाच्या कॉम्प्युटरवर शनिवार-रविवार बसायचो आणि तुझ्यासारखीच पोरं गोळा करायचो. आणि गेली काही वर्षं इथे डिचोलीत संध्याकाळी गावातल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांना ग्राउंडवर घेतो, म्हणजे खऱ्या पोरांचा पण थोडा अनुभव आहे. दोन्हीकडे एकच गोष्ट परत परत दिसली म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी जे मला इथून दिसत नाही ते सांगतो. तुझी पोरं डेटाबेसमधली खरी आहेत की गेमनं तयार केलेली न्यूजेन, हे तू लिहिलेलं नाहीस. खऱ्या तरुण पोरांपैकी बऱ्याच जणांचं पोटेन्शियल ठरलेल्या आकड्यात नसतं, रेंजमध्ये असतं, आणि तू नवीन सेव्ह चालू करतोस त्या वेळी त्या रेंजमधला एक आकडा पक्का होतो, त्यामुळे मित्राच्या सेव्हमध्ये जो राजा झाला तो तुझ्याकडे साधाच निघू शकतो आणि त्यात तुझी काही चूक नसते. दुसरं, कोणाला गुडघ्याची वगैरे मोठी दुखापत झाली होती का तेही माहीत नाही. १८-१९व्या वर्षी सहा-आठ महिने बाहेर बसलेलं पोरगं मागे पडतंच, वर पेस-ॲक्सलरेशनला मार बसला तर विंगरचं अर्धं भांडवल गेलं.

आता स्टारचं. स्टार घसरले म्हणजे पोटेन्शियल घसरलं असं नाही, हे नीट समजून घे, कारण अर्धी पोरं लोक याच गैरसमजातून विकतात. आत लपवलेले दोन आकडे असतात, करंट अबिलिटी आणि पोटेन्शियल अबिलिटी, दोन्ही २०० पैकी, आणि पोटेन्शियलचा आकडा सेव्ह चालू झाल्यावर हलत नाही. तुला स्क्रीनवर दिसतात ते स्टार म्हणजे तुझ्या असिस्टंटचं किंवा कोचचं मत आहे, आणि ते मत तुझ्या आत्ताच्या टीमशी तुलना करून दिलेलं असतं. पहिल्या सीझनला तुझी टीम साधी होती म्हणून १७ वर्षांचं पोरगं साडेचार स्टारचं दिसलं, सहा सीझनमध्ये तू टीम चांगली केलीस तर तेच पोरगं आता तीन स्टारचं दिसणार, मोजपट्टीच मोठी झाली ना. शिवाय पोरगं दोन वर्षं वाढलं नाही की कोच पण आपला अंदाज खाली आणतो, आणि कोचची पोटेन्शियल ओळखायची ताकदच कमी असेल तर पहिला अंदाज पण चुकलेला असू शकतो. म्हणून स्टार बाजूला ठेव आणि प्रत्येक पोराच्या डेव्हलपमेंटच्या पानावर जाऊन गेल्या वर्षाभरात अॅट्रिब्यूट, म्हणजे पासिंग, पेस वगैरेचे २० पैकी आकडे, किती वर गेले ते बघ. तीन स्टारचं पोरगं अजून वर चढताना दिसत असेल तर ते चांगलं चाललंय.

पण तुझ्या नऊपैकी बहुतेकांचा ग्राफ सपाट असणार असं मला वाटतं, आणि त्याचं कारण फॅसिलिटीत नाही, मिनिटांत आहे. नऊ पोरांना वाढवायला पुरतील एवढ्या मॅचेस तुझ्याकडे आहेतच कुठे?

हिशोब करू. गेम सुरू होतो त्या २०२३-२४च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) १२ टीम होत्या, म्हणजे लीगच्या २२ मॅचेस. एका जागेला सीझनची १९८० मिनिटं. प्लेऑफ, डुरंड कप, सुपर कप धरून अजून थोडी. आता मैदानावर एका वेळी चार परदेशी खेळवता येतात, आणि ते तू कुठे खेळवतोस? मी पैजेवर सांगतो, एक सेंटर बॅक, एक मिडफिल्डर आणि दोन पुढे. सगळेच तसं करतात. मग तुझी चार पोरं ज्या जागांची आहेत, स्ट्रायकर आणि अटॅकिंग मिड, त्या जागांवर तुझेच परदेशी बसलेत. १७ ते २१ ही चार वर्षं त्या पोरांनी बेंचवर आणि युथ टीममध्ये घालवली. फॅसिलिटी कितीही भारी असू दे, त्या वयात नुसत्या ट्रेनिंगवर पोरगं ठराविक पातळीपर्यंतच चढतं.

हे गेमनं उगाच बनवलेलं नाही बरं का. आपल्या खऱ्या फुटबॉलचं दुखणं हेच आहे. क्लब गोल करायला परदेशी आणतात, भारतीय स्ट्रायकर विंगवर नाहीतर बेंचवर, आणि मग नॅशनल टीमला गोल करणारा सापडत नाही. सुनील छेत्री २०२४ मध्ये इंटरनॅशनलमधून निवृत्त झाला, आणि २०२५ मध्ये, चाळिशीत, त्यालाच परत बोलवावं लागलं. मला त्या बातमीनं खरंच वाईट वाटलं होतं.

म्हणून माझा नियम: पोरगं घ्यायच्या आधी त्याला पुढच्या तीन वर्षांत मिनिटं कुठून मिळणार ते ठरवायचं. उत्तर नसेल तर कितीही स्टार असू देत, घ्यायचं नाही. एका वेळी तीन, फार तर चार पोरं. युरोपात मोठा क्लब असेल, बी टीम सीनियर लीगमध्ये खेळत असेल, तर आकडा वाढेल. आपल्याकडे नाही.

मग कुठली तीन? इथे पर्सनॅलिटी येते, आणि यात माझं मत फार पक्कं आहे. गेममध्ये प्रोफेशनॅलिझम नावाचा एक लपलेला गुण आहे, तो आकड्यात दिसत नाही, पण पोरगं ट्रेनिंगमधून किती घेतं हे बरंचसं त्याच्यावर ठरतं, त्याच्या जोडीला अँबिशन आणि डिटर्मिनेशन. तुला दिसतो तो पर्सनॅलिटीचा शब्द. मॉडेल प्रोफेशनल, मॉडेल सिटिझन, परफेक्शनिस्ट, प्रोफेशनल, रेझोल्यूट दिसलं की डोळे झाकून घे. कॅज्युअल, स्लॅक, अनअँबिशस दिसलं की पाच स्टार असले तरी सोड. डिटर्माइन्ड दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नको, जिद्द असली म्हणजे शिस्त असेलच असं नाही. आणि बॅलन्स्ड म्हणजे काही कळत नाही, तिथे स्काउटचा आणि कोचचा पूर्ण रिपोर्ट वाच, "ट्रेनिंगकडे बघायचा दृष्टिकोन" वगैरे वाक्यं त्यात येतात, ती नुसती भरती नसतात.

माझा सगळ्यात लांब सेव्ह चर्चिल ब्रदर्सचा, १४ सीझन. चौथ्या सीझनच्या इनटेकमध्ये, म्हणजे दरवर्षी क्लबच्या युथमध्ये येणाऱ्या नवीन लॉटमध्ये, दोन पोरं आली होती, त्यांच्यामुळे माझी खेळायची पद्धत बदलली. एक लेफ्ट विंगर, १६ वर्षांचा, ड्रिबलिंग १३, पेस १४, पाच स्टार, पर्सनॅलिटी कॅज्युअल. दुसरा सेंट्रल मिडफिल्डर, पासिंग ९, फर्स्ट टच ९, अडीच स्टार, पण प्रोफेशनल आणि डिटर्मिनेशन १७. विंगरला मी लगेच फर्स्ट टीममध्ये घेतला, कॉन्ट्रॅक्ट वाढवला, टीम त्याच्याभोवती रचली. मिडफिल्डरकडे दोन सीझन बघितलंच नाही. त्यानंतरच्या सीझनला आमच्या दोघा मिडफिल्डरना एकाच आठवड्यात दुखापत झाली, दुसरा कोणी नव्हता म्हणून त्याला काढला, आणि बघतो तर पासिंग १२, फर्स्ट टच १२, वर्क रेट १६. मी काहीही केलं नव्हतं, तो आपला आपण युथ ट्रेनिंगमध्ये घासत होता. २३व्या वर्षी तो माझा कॅप्टन होता, आणि विंगर तेव्हा पण ड्रिबलिंग १४वरच होता, सहा वर्षांत एक पॉइंट. त्या दिवसापासून इनटेक आला की मी पहिल्यांदा पर्सनॅलिटीचा कॉलम लावतो, त्यावर सॉर्ट करतो, मग बाकीचं.

ग्राउंडवर पण हेच बघतो. जूनमध्ये आमच्याकडे लाल माती नुसती लोणी झालेली असते, निम्मी पोरं घरूनच फोन करतात "सर आज पाऊस", आणि एक पोरगं मये रस्त्यावरून सायकलनं, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, माझ्या आधी येऊन कोन मांडत असतं. ते टीममधलं सगळ्यात हुशार पोरगं नाही. पण गेल्या वर्षी डावा पाय त्याला नुसता टेकवायला होता, आता दोन्ही पायांनी क्रॉस मारतं.

वयाचं गणित आता. १५ ते १८ मध्ये युथ फॅसिलिटीज, चांगले कोच आणि १८ खालच्या टीमच्या मॅचेस पुरतात, तेव्हा सीनियर मॅचची घाई नको. इथे लक्षात ठेव, तू वाढवलेल्या ट्रेनिंग फॅसिलिटीज मुख्यतः सीनियर टीमला कामाच्या, लहान पोरांना युथ फॅसिलिटीज लागतात, ती बोर्डाकडे वेगळी मागणी आहे, आणि इनटेकला किती चांगली पोरं येणार हे युथ रिक्रूटमेंट आणि ज्युनियर कोचिंगवर जातं. बरेच जण हे सगळं एकच समजतात. १८ नंतर मात्र खरी सीनियर मॅच हवी, नियमित. मी स्वतः १८ ते २१ मध्ये सीझनला २० तरी सुरुवातीपासूनच्या मॅचेस बघतो, शेवटच्या दहा मिनिटांच्या धरत नाही. आणि २३-२४ नंतर वाढ मंदावते, म्हणजे तुझ्या पोरांना अजून दोन-तीन वर्षं आहेत, उशीर झालाय पण गाडी सुटलेली नाही.

मग लोन, म्हणजे पोरगं काही काळ दुसऱ्या क्लबला खेळायला देणं. लोनवर पाठवणं चांगलंच, पण "कोणी मागितलं, दिलं" असं नाही. मी चार गोष्टी बघतो. त्याची जागा त्या टीममध्ये रिकामी आहे का. प्लेइंग टाइम निदान रेग्युलर स्टार्टर लिहून घेतलाय का. त्यांच्या ट्रेनिंग फॅसिलिटीज कशा आहेत, कारण वर्षभर पोरगं तिथेच ट्रेनिंग करणार. आणि ती लीग त्याला झेपणारी आहे का, कारण वर्षभर साडेसहाचं, म्हणजे या गेममध्ये खराबच, रेटिंग घेऊन आलेलं पोरगं मिनिटं खाऊन पण वाढत नाही, उलट आत्मविश्वास जातो. माझा अनुभव असा की आय-लीगमधल्या (आयएसएलच्या खालची लीग) वरच्या अर्ध्यातली टीम १९ वर्षांच्या भारतीय पोराला बरोबर बसते. आणि दर दीड-दोन महिन्यांनी बघत जा. बेंचवर बसवत असतील आणि परत बोलवायचा हक्क तू करारात ठेवला असशील तर जानेवारीत सरळ परत आण. तो हक्क ठेवायला विसरू नको, मी एकदा विसरलो आणि एक लेफ्ट बॅक पूर्ण सीझन तिकडे बसून आला.

मेंटरिंगबद्दल, म्हणजे सीनियरच्या ग्रुपमध्ये ठेवून पोरांना वळण लावण्याबद्दल, थोडंच सांगतो. ग्रुपला किमान तीन जण लागतात, त्यातला एक तरी चांगल्या पर्सनॅलिटीचा आणि ड्रेसिंग रूममध्ये वजन असलेला हवा, आणि पोरगं सीनियर टीमबरोबर असायला हवं, नाहीतर त्याला त्या ग्रुपमध्ये टाकताच येत नाही. मी पोराला वर घेतो, मेंटरिंग ग्रुपमध्ये घालतो, आणि मॅच खेळायला मात्र खालच्या टीमला उपलब्ध ठेवतो, ती सोय गेममध्ये आहे. तू ३१-३२ वर्षांचे भारतीय खेळाडू "पगार वाचवायला" काढून टाकलेस असं लिहिलंयस. त्यातला एखादा प्रोफेशनल असेल तर तो दहा मॅचच खेळला तरी पगार वसूल आहे, कारण त्याच्या हाताखाली तीन पोरं सुधारतात. उलटं पण होतं हं, बिघडलेला सीनियर ग्रुपमध्ये टाकलास तर पोरं पण बिघडतात.

आणि हेड ऑफ युथ डेव्हलपमेंट कोण आहे बघितलंस का कधी? नवीन इनटेकच्या पोरांच्या पर्सनॅलिटीवर त्याची छाप पडते. तो माणूस बदलायला ट्रान्सफरचा पैसा लागत नाही, आणि तरी बहुतेक जण पहिल्या दिवशी जो असतो तोच दहा वर्षं ठेवतात.

तर आतापर्यंतचं एका ओळीत: स्टार बघू नको ग्राफ बघ, मिनिटं मोज, पर्सनॅलिटीवर निवड, १८ नंतर खेळव. आता तुझ्या नऊ पोरांकडे येतो.

पुढच्या चौघांपैकी ज्यांची पर्सनॅलिटी कमजोर आहे ते दोघे या विंडोत विक, अजून वय कमी आहे म्हणून पैसे बरे येतील, दोन वर्षांनी कोणी विचारणार नाही. राहिलेल्या दोघांपैकी एकाला लोन, आणि एकासाठी तुझा परदेशी स्ट्रायकर पुढच्या सीझनला घेऊ नको. हो, ऐकायला कठीण वाटेल, एखाद वेळी लीगची शील्ड पण जाईल. पण चौथा परदेशी राइट बॅक किंवा होल्डिंग मिडला घे आणि पुढची जागा त्या पोराला पूर्ण दे. पोरगं पहिल्या दहा मॅचमध्ये दोनच गोल करेल, तेव्हा घाबरून जानेवारीत ब्राझीलचा कोणी आणू नकोस, एवढं माझं ऐक.

विंगरचं वेगळं. तू लिहिलंयस की एकाचा क्रॉसिंग आणि स्टॅमिना चांगला पण फिनिशिंग ७, आणि त्याच्या जागी तुझा चांगला भारतीय विंगर आहे. त्याला लेफ्ट बॅक शिकव. २०व्या वर्षी नवीन पोझिशन पटकन बसते, ट्रेनिंगमध्ये पोझिशन लेफ्ट बॅक ठेव आणि डुरंडमध्ये तिथे खेळव. आपला मंदार राव देसाई आठव, विंगर म्हणून वर आला, एफसी गोवात सर्जिओ लोबेराच्या हाताखाली लेफ्ट बॅक झाला, पुढे त्याच कोचबरोबर मुंबई सिटीत गेला आणि २०२०-२१ची आयएसएल जिंकणाऱ्या टीममध्ये होता. पोरगं एका जागी अडलं म्हणजे संपलं असं नसतं, जागा चुकलेली असू शकते. दुसऱ्या विंगरला नुसता लोनवर पाठव, त्याच्यात फार डोकं घालावं असं काही दिसत नाही.

सेंटर बॅक दोघेही ठेव. एक खेळव, एक आय-लीगला. सेंटर बॅक उशिरा तयार होतात, पोझिशनिंग, ॲन्टिसिपेशन, कॉन्सन्ट्रेशन हे सगळं डोक्याचं आहे आणि ते मॅच खेळून खेळूनच येतं, २१व्या वर्षी तीन स्टारचा सेंटर बॅक म्हणजे चिंतेची गोष्ट नाहीच.

आणि तो गोलकीपर, ज्याला तू विकायच्या लिस्टवर टाकून बसलायस, त्याला आज रात्रीच लिस्टवरून काढ. त्याचे आकडे तू पाठवलेस ते मी दोनदा वाचले: रिफ्लेक्सेस १४, हँडलिंग १२, डिसिजन्स ८, कमांड ऑफ एरिया ९, पर्सनॅलिटी रेझोल्यूट. अरे बाबा, नऊ जणांत सगळ्यात मोठं घबाड तेच आहे. गोलकीपर बाकीच्यांपेक्षा उशिरा पिकतो आणि उशिरापर्यंत टिकतो, जे हात आहेत ते त्याच्याकडे आत्ताच आहेत, जे कमी आहे ते वयानं आणि मॅचनं येणारं आहे. ज्या गोव्यानं ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा भारताचा कप्तान गोलकीपर दिला तिथून गोलकीपर विकायचा आणि बाहेरून पैसे मोजून आणायचा, हे मला तरी पटत नाही. कॉन्ट्रॅक्ट अजून तीन वर्षं वाढव, चांगला गोलकीपिंग कोच बघ, तुझ्या ३३ वर्षांच्या किपरला त्याच्या मेंटरिंग ग्रुपमध्ये घाल, आणि पुढच्या सीझनला डुरंड कपच्या सगळ्या मॅचेस त्यालाच दे, पहिल्या मॅचमध्ये तीन गोल खाल्ले तरी दुसऱ्या मॅचला नाव त्याचंच लिही.